दिवाळी अंकांची पट्टी कुठल्या पानावर?

आमच्या गावातल्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. तिसरीत असताना ज्या टेबलासमोर उभं राहून पहिलं पुस्तक घरी नेलं, त्याच टेबलामागे आजही बसणाऱ्या ग्रंथपाल ताईंचा गणपती उठल्यावर फोन आला. "यंदा दिवाळी अंक योजनेची वर्गणी साइटवर दिसू दे. पहिल्या पानावर आणि अंकांच्या पानावर. बाकी कुठे नको रे, मागच्या वर्षी लोक बालविभागाची फी समजून पैसे घेऊन आले होते." मी संध्याकाळपर्यंत करतो म्हणालो. काम पूर्ण व्हायला अडीच आठवडे लागले. त्या दिवसांत यूआरएल, म्हणजे पानाचा पत्ता, बघून मजकूर दाखवायचा की नाही हे ठरवण्याबद्दल जे शिकलो, ते सगळं इथे लिहून ठेवतोय. असंच काम हातात असलेल्या कुणाचे तरी ते अडीच आठवडे वाचावेत, एवढीच इच्छा.

साइट साध्या पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर चालून पान तयार करणाऱ्या भाषेची आहे, वर्डप्रेस नाही. चौदा पानं, प्रत्येक पानाची वेगळी फाइल, आणि प्रत्येक फाइल सुरुवातीला हेडर आणि शेवटी फूटर, हे सगळ्या पानांना सामायिक तुकडे, इन्क्लूड करते, म्हणजे आपल्यात जोडून घेते. वर्गणीच्या सूचनेची पट्टी मेन्यूच्या वर हवी होती आणि मेन्यू हेडरमध्ये. म्हणजे पट्टीही हेडरमध्येच टाकावी लागणार. पण हेडरमध्ये टाकलं की ती चौदाही पानांवर उमटणार. त्यामुळे हेडरला आधी कळायला हवं की आत्ता तो कुठल्या पानावर बसलाय.

त्याच आठवड्यात मी आणखी एक काम काढलं होतं. ताई साइटचा पत्ता सूचनाफलकावर खडूने लिहितात आणि दर वेळी शेवटचं 'डॉट पीएचपी' लिहिताना वाचणाऱ्याला प्रश्न पडतो. ते घालवायचं होतं. म्हणून एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये रीराइटचा, म्हणजे विनंती दुसरीकडे वळवण्याचा, नियम लिहिला: मागितलेल्या नावाची खरी फाइल नसेल तर ती विनंती इंडेक्स फाइलकडे पाठव, इंडेक्सने योग्य पान काढून द्यावं. पत्ते छान सुटसुटीत झाले. पण यामुळे एक सोपी वाट बंद झाली. पीएचपीच्या सर्व्हर अ‍ॅरे या विनंतीच्या माहितीच्या यादीमध्ये 'स्क्रिप्ट नेम' नावाची नोंद असते, ती चालू फाइलचं नाव सांगते. आता प्रत्येक विनंती इंडेक्समधूनच जाणार म्हटल्यावर ती नोंद कायम इंडेक्सचंच नाव सांगायला लागली. 'पीएचपी सेल्फ' ही नोंद तर मी कधीच वापरत नाही. फाइलच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन कुणी काहीही लिहिलं तर तेही त्या नोंदीत येतं, आणि ती नीट न गाळता पानावर छापली तर बाहेरची स्क्रिप्ट आपल्या पानात शिरू शकते.

राहिली 'रिक्वेस्ट यूआरआय'. ब्राउझरने डोमेननंतर जे मागितलं ते यात जसंच्या तसं असतं. हे 'जसंच्या तसं' किती शब्दशः आहे, ते मला पुढे टप्प्याटप्प्याने कळत गेलं.

पहिला कोड दोन ओळींचा होता. रिक्वेस्ट यूआरआयमध्ये 'अंक' हा शब्द सापडतो का ते स्ट्रपॉस या शोधणाऱ्या फंक्शनने बघायचं, सापडला तर पट्टी दाखवायची. पत्ते रोमन लिपीत होते, म्हणजे मी शोधत होतो ती तीन अक्षरं: ए, एन, के. अंकांच्या पानावर पट्टी आली. मी खूश होऊन फाइल सर्व्हरवर चढवली आणि जेवायला गेलो.

रात्री ताईंचा मेसेज: "देणगीच्या पानावर पण येतेय बघ."

देणगीसाठी बँकेचा तपशील दिलेलं आमचं एक पान आहे. त्याच्या पत्त्यात 'बँक' हा शब्द आहे. रोमनमध्ये बी, ए, एन, के. 'बँक'च्या पोटात 'अंक' बसलेला. देवनागरीत हे दोन शब्द शेजारी ठेवले तर कुणाच्या मनातही येणार नाही, पण पीएचपीसमोर फक्त अक्षरांची ओळ होती आणि त्या ओळीत माझी तीन अक्षरं होती. वर्गणीची पट्टी थेट बँक खात्याच्या आकड्यांवर बसली होती. ताईंना ज्याची भीती वाटत होती तेच घडायची वेळ आली होती. त्या रात्री फोनवरूनच फाइल दुरुस्त केली आणि एक गोष्ट पक्की केली: पत्त्यात शब्द 'सापडतो का' असं विचारायचं नाही, पत्ता 'हाच आहे का' असं विचारायचं. शोधणं आणि जुळवणं यातला फरक मला वर्षानुवर्षं माहीत होता, पण तो हाताला लागला तो त्या रात्री.

स्ट्रपॉसचा दुसरा खड्डा सगळ्यांना माहीत असतो, तरी त्यात पाय जातो. शब्द अगदी सुरुवातीलाच सापडला तर ते फंक्शन शून्य देतं, कारण जागा शून्यावी आहे. सापडलाच नाही तर फॉल्स, म्हणजे 'नाही', देतं. नुसत्या इफमध्ये दोन्ही सारखेच. तीन बरोबरच्या खुणांनी फॉल्सशी तुलना करायला लागते. पीएचपी ८.० मध्ये 'स्ट्र कंटेन्स' आणि 'स्ट्र स्टार्ट्स विथ' आली आणि ती सरळ हो किंवा नाही सांगतात, म्हणून मी ती वापरायला गेलो. माझ्या लॅपटॉपवर पीएचपी ८ होतं, होस्टिंगवर ७.४. साइट उघडली तर पांढरं पान, आणि एरर लॉगमध्ये 'असं फंक्शन अस्तित्वात नाही'. ७.४ ची सुरक्षेची दुरुस्तीही २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये थांबली आहे, तेव्हा होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन व्हर्जन बदललं. ते तसंही करायलाच हवं होतं.

आता पहिल्या पानाची अट जोडायची होती. इथे एक चूक केली, जी कोड वाचताना चूक वाटत नाही. मी लिहिलं: पत्ता बरोबर 'मुखपृष्ठ' किंवा 'अंक'. मराठीत हे वाक्य अगदी बरोबर आहे. "आज सोमवार किंवा मंगळवार असेल तर ये", असं आपण म्हणतोच. पण पीएचपी ते असं वाचतं: पत्ता 'मुखपृष्ठ' आहे का, किंवा 'अंक' हा रिकामा नसलेला शब्द आहे का? 'अंक'सारखा रिकामा नसलेला शब्द नेहमीच खरा. म्हणून अट कायम खरी आणि पट्टी चौदाही पानांवर. अशा ठिकाणी मी आता 'इन अ‍ॅरे' हे शब्द यादीत आहे का ते सांगणारं फंक्शन वापरतो, तिसऱ्या जागी ट्रू देऊन, म्हणजे तुलना काटेकोर होते.

एवढं झाल्यावर आठ-दहा दिवस शांततेत गेले. अंक यायला लागले होते, ताईंनी फेसबुकवर मुखपृष्ठांचे फोटो टाकले आणि खाली अंकांच्या पानाची लिंक दिली. आणि मग पुन्हा फोन.

"पट्टी गेली."

मी लॅपटॉपवर पान उघडलं. पट्टी आहे. फोनवर उघडलं. आहे. "ताई, दिसतेय की." "मला नाही दिसत. मघाशी कॉलेजची एक मुलगी आली होती, तिलाही नाही दिसली. वर्गणी किती विचारत होती." मी त्यांना ब्राउझर बंद करून उघडायला सांगितलं, कॅशे पुसायला सांगितलं, एकेक करून जे सुचेल ते सगळं. त्या शांतपणे करत होत्या. शेवटी मीच वाचनालयात गेलो. त्यांच्या फोनवर पट्टी खरंच नव्हती. मी पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पत्ता उजवीकडे सरकवत गेलो. अंक, मग प्रश्नचिन्ह, मग 'एफबीसीएलआयडी', मग बरोबरची खूण आणि तिच्यापुढे अक्षरांची आणि आकड्यांची न संपणारी माळ.

फेसबुकवरून कुणीही लिंक दाबली की फेसबुक आपली एक खूण पत्त्याला जोडून पाठवतं. क्लिक कुठून आला ते कळावं म्हणून. पान तेच उघडतं, वाचणाऱ्याला काही फरक दिसत नाही. पण रिक्वेस्ट यूआरआयमध्ये प्रश्नचिन्हानंतरचा सगळा भागही येतो, आणि माझी अट 'पत्ता अगदी हाच आहे का' असं विचारत होती. तो हा नव्हता. बँकेच्या पानाने मला काटेकोर व्हायला शिकवलं, आणि त्या काटेकोरपणामुळे फेसबुकवरून येणारा प्रत्येक वाचक पट्टीला मुकला. मी मात्र कायम पत्ता स्वतः टाइप करून तपासत होतो, त्यामुळे मला ती कायम दिसत होती.

वाचनालयाच्या बाकावर बसूनच मी विचार केला. पत्ता काटेकोरपणे जुळवायचाच, पण त्याआधी तो धुऊन घ्यायला हवा. दुसऱ्याच्या हातून आलेली गोष्ट आहे ती. तिला वाटेत काहीही चिकटलेलं असू शकतं.

मग धुण्याचं एकच फंक्शन लिहिलं आणि ठरवलं की साइटवर पत्त्याची चौकशी जिथे होईल तिथे याच फंक्शनमधून होईल. आधी प्रश्नचिन्हापाशी एक्स्प्लोडने तोडून पहिला तुकडा ठेवायचा. इथे बरेच जण 'पार्स यूआरएल' वापरतात आणि ते चालतंही. पण पत्ता दोन तिरक्या रेघांनी सुरू झाला तर ते फंक्शन पहिल्या शब्दाला डोमेन समजतं. असे पत्ते माझ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत, सापडले, म्हणून मी साधं तोडणं पसंत केलं. मग टक्क्याच्या खुणा लावून सांकेतिक रूपात आलेल्या भागाचं मूळ अक्षर करायचं, ते 'रॉ यूआरएल डीकोड'ने. नुसत्या 'यूआरएल डीकोड'ने अधिकचं चिन्ह असेल तर त्याची मोकळी जागा होते. मग पत्त्याच्या दोन्ही टोकांच्या तिरक्या रेघा ट्रिमने काढायच्या. 'अंक' आणि 'अंक/' हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच पान आहे, तुलनेच्या दृष्टीने नाही. मग एमबी स्ट्रटूलोअरने रोमन अक्षरं लहान करायची, कारण फोन पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि लिनक्स सर्व्हरला लहानमोठ्यातला फरक कळतो.

लॅपटॉपवर साइट झॅम्पच्या (लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फोल्डरमध्ये असते, त्यामुळे तिथे प्रत्येक पत्त्याच्या आधी फोल्डरचं नाव येतं आणि खऱ्या सर्व्हरवर येत नाही. ते नाव सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवून फंक्शनमध्ये कापून टाकलं. आणि हॅशची खूण, म्हणजे पानातल्या विशिष्ट जागी नेणारा भाग, तो कापावा लागत नाही. तो ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. 'वेळापत्रक' असा हॅश दिला तर वेळापत्रक उघडलेलं दाखवायचं असा माझा एक बेत होता, तो पीएचपीकडून कधीच होणार नव्हता. ते काम ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचं.

यानंतर आमच्या अध्यक्षांनी, आप्पांनी, एक प्रश्न विचारला. "वाचनालय मराठी, अंक मराठी, मग पत्ता इंग्रजी अक्षरांत का?" मला हा प्रश्न फार आवडला. माझ्याही मनात तेच होतं. दोन पानांचे पत्ते देवनागरीत करून बघायचं ठरलं: 'दिवाळी-अंक' आणि 'शेतकऱ्यांसाठी'. दुसरं पान शेतीविषयक पुस्तकांचं आहे, त्याला आमच्याकडे चांगली मागणी असते.

देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो. पण सर्व्हरकडे जाताना तो वेगळ्या वेषात जातो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. एकटा 'द' म्हणजे '%ई०%ए४%ए६'. 'दिवाळी-अंक' मध्ये काना, वेलांटी, अनुस्वार धरून नऊ चिन्हं आणि एक आडवी रेघ, म्हणजे तारेवरून जाताना ८२ अक्षरं. ताईंनी ब्राउझरमधून पत्ता उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तेव्हा ती ८२ अक्षरांची माळच तिथे उतरली. दोघांनी त्यांना विचारलं की ही लिंक उघडणं सुरक्षित आहे का. फंक्शनमध्ये डीकोड असल्यामुळे पट्टीला मात्र काही झालं नाही, ती बरोबर आली.

'शेतकऱ्यांसाठी'ने वेगळाच धडा दिला. ताईंनी तो पत्ता शेतकरी गटात हाताने टाइप करून पाठवला आणि लोकांना 'पान सापडलं नाही' असं यायला लागलं. मी ताईंचा मेसेज आणि माझ्या कोडमधला शब्द एकाखाली एक ठेवला. शुद्धलेखन तेच, जोडाक्षरही तेच. डोळ्यांना एका रेघेचा फरक दिसेना. दोन्ही शब्द 'बिन टू हेक्स' या फंक्शनमध्ये घालून बाइट छापले, आणि तेव्हा कुठे दिसलं.

माझ्या शब्दातला अर्धा 'ऱ्' असा होता: ई० ए४ बी१, मग ई० ए५ ८डी. म्हणजे खास मराठीसाठीचा 'ऱ' आणि हलन्त. ताईंच्या शब्दात: ई० ए४ बी०, ई० ए५ ८डी, मग ई२ ८० ८डी. म्हणजे साधा 'र', हलन्त, आणि त्यांच्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्हीचा तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो. दोन्ही कीबोर्ड आपापल्या जागी बरोबर. आणि तिसरीही एक रीत आहे: साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. पीएचपीच्या इंटल या जोडभागातला नॉर्मलायझर ही तिसरी रीत पहिलीत बदलून देतो, कारण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, नियमांत त्या दोन्ही एकच आहेत. जोडचिन्हाची रीत मात्र तो बदलत नाही, तिला युनिकोड वेगळी मानतं. ती मी फंक्शनमध्ये हाताने बदलली: साधा र, हलन्त, जोडचिन्ह असे तिन्ही ओळीने दिसले की त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त.

हे शोधायला दोन संध्याकाळी गेल्या आणि त्या अजिबात वाया गेल्या असं मला वाटत नाही. आपल्या भाषेचं एक अक्षर तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि यंत्राला ती तीन वेगळी अक्षरं वाटतात, हे मराठीत साइट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. फक्त पत्त्यातच नाही, पुस्तकांच्या यादीत शोधतानाही हेच होतं. 'शेतकऱ्यांचा' शोधलं आणि पुस्तक कपाटात असून सापडलं नाही, तर वाचक पुस्तक नाही असं समजून निघून जातो.

तरीही शेवटी निर्णय असा घेतला की मुख्य पत्ता रोमन लिपीत, छोटा, फलकावर लिहिण्याजोगा ठेवायचा. देवनागरी पत्तेही चालू ठेवले, पण ते ३०१ च्या रीडायरेक्टने, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला' असं सांगून, मुख्य पत्त्यावर नेतात. आप्पांना हे समजावताना मला वाईट वाटलं. त्यांनी बाइटचा कागद चष्मा वर करून नीट पाहिला आणि म्हणाले, "पानाचं नाव तरी वर मराठीत मोठं दिसतंय ना? मग चालेल."

आता जे लिहितोय ते माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पत्त्यावरून मजकूर ठरवणारा कोड साइटवर आणखी कुठे आहे म्हणून शोधायला गेलो, तर दोन जुन्या फाइली सापडल्या. मी काम हातात घेण्याआधीच्या.

एक होती छापील प्रतीसाठी. तिच्या पत्त्यात 'पान बरोबर अमुक' असं द्यायचं आणि ती त्या नावाला डॉट पीएचपी जोडून सरळ इन्क्लूड करायची. लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. पण पत्ता कुणीही लिहू शकतो. नावाच्या जागी दोन टिंबं आणि तिरकी रेघ असं चार वेळा लिहिलं की फोल्डरमागून फोल्डर बाहेर पडत कुठलीही पीएचपी फाइल आपल्या साइटकरवी चालवता येते. पत्त्यात आलेला शब्द कधीही फाइलचं नाव म्हणून वापरायचा नाही. तो शब्द आपल्याकडच्या यादीत शोधायचा, आणि फाइलचं नाव यादीतलं घ्यायचं.

दुसरी फाइल पाहून मी खरंच अस्वस्थ झालो. सभांच्या पानाच्या पत्त्यापुढे 'समिती बरोबर १' असं जोडलं की खाली आणखी एक तक्ता यायचा. त्यात मुदत उलटलेल्या सभासदांची नावं, फोन नंबर आणि त्यांच्याकडे असलेली पुस्तकं. समितीच्या लोकांना घरून बघता यावं म्हणून केलेली सोय. कुणाला पासवर्ड लक्षात ठेवायला नको. पण पत्ता म्हणजे कुलूप नव्हे. तो ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो, आणि सगळ्यात साधं म्हणजे तो फॉरवर्ड होतो. माणूस कोणतं पुस्तक घरी नेतो ही त्याची खासगी गोष्ट आहे. आजारावरची पुस्तकं, घटस्फोटाच्या कायद्यावरची पुस्तकं लोक वाचनालयातून नेतात, ती या विश्वासावर की टेबलामागची बाई ते कुणाला सांगणार नाही. ताई खरंच कुणाला सांगत नाहीत. आणि आमची साइट ते पत्त्यात एक आकडा घालणाऱ्या कुणालाही सांगत होती.

तो तक्ता मी त्याच मिनिटाला बंद केला, मग समितीला कळवलं. आता तिथे लॉगिन आहे, पासवर्ड 'पासवर्ड हॅश'ने साठवलेले, आणि तक्ता दाखवायचा की नाही हे सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्याची सर्व्हरवरची नोंद, बघून ठरतं. पत्त्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. पाहुण्याला कुठलं पान हवंय ते पत्ता सांगतो. पाहुणा कोण आहे ते त्याला सांगता येत नाही.

याच तक्त्याच्या बाबतीत पीएचपीची एक चांगली बाजू अनुभवायला मिळाली. मधल्या काळात कुणीतरी तो सीएसएसने, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या नियमांनी, झाकून ठेवायचाही प्रयत्न केलेला होता, 'डिस्प्ले नन' लावून. झाकलेला मजकूर पानाच्या सोर्समध्ये असतोच, कंट्रोल आणि यू दाबलं की समोर येतो. पीएचपीच्या इफची अट खोटी ठरली तर मात्र तो मजकूर सर्व्हरवरून निघतच नाही. मी लॉगिन न करता पान उघडलं, सोर्स उघडला आणि त्यात ओळखीचं एक आडनाव शोधलं. शून्य निकाल. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

शेवटी सगळे सुटे इफ काढून टाकले आणि एक यादी केली. पीएचपीमध्ये अ‍ॅरेच्या किल्ल्याच काय, व्हेरिएबलची नावंही देवनागरीत चालतात, हे मला या निमित्ताने वापरायला मिळालं. पत्ते प्रत्यक्षात रोमन आहेत, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो:

$पाने = [
'' => ['नाव' => 'मुखपृष्ठ', 'पट्टी' => 'दिवाळी-अंक'],
'अंक' => ['नाव' => 'दिवाळी अंक', 'पट्टी' => 'दिवाळी-अंक'],
'बँक' => ['नाव' => 'देणगी', 'पट्टी' => ''],
];

अशा चौदा ओळी. पहिली किल्ली रिकामी आहे, कारण मुखपृष्ठाच्या पत्त्याच्या रेघा काढल्या की काहीच उरत नाही. धुतलेला पत्ता या यादीत शोधायचा. सापडला तर त्या ओळीतून नाव, पट्टी, आणि मेन्यूतली कोणती कळ ठळक करायची तेही कळतं. ही कळ आधी प्रत्येक पानात वेगळी लिहावी लागत होती. नाही सापडला तर ४०४ चा, म्हणजे 'पान सापडलं नाही'चा, कोड आणि त्यासोबत शोधपेटी असलेलं पान. ४०४ द्यायचा राहून गेला तर चुकीच्या पत्त्यांचीही पानं 'सर्व ठीक' म्हणून शोधयंत्रांकडे जातात. ही फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण बॉमशिवाय, म्हणजे सुरुवातीच्या एन्कोडिंगच्या खुणेशिवाय, सेव्ह करायची. सुरुवातीला न दिसणारा बॉम राहिला तर तो सेशन सुरू होण्याआधीच ब्राउझरकडे जातो आणि 'हेडर आधीच गेले' अशी तक्रार येते. ती एकदा आली, म्हणून लिहितो.

यादीतल्या शेवटच्या ओळीनंतरही मी मुद्दाम स्वल्पविराम ठेवला आहे. पीएचपीला तो चालतो, आणि पुढची ओळ घालणाऱ्याला मागच्या ओळीला हात लावावा लागत नाही.

पुढची ओळ ताईंनी घातली. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला वाचनालयात दिवसभर वाचन होतं, त्याची पट्टी मुखपृष्ठावर आणि बालविभागाच्या पानावर हवी होती. मी होस्टिंगच्या पॅनेलमधली फाइल उघडून दिली आणि शेजारी बसून राहिलो. त्यांनी बालविभागाची ओळ शोधली, रिकाम्या अवतरणचिन्हांमध्ये कर्सर ठेवला, 'गौरव-दिन' टाइप केलं आणि सेव्ह केलं. मग वाचनासाठी एक नवीन पान हवं होतं त्याची ओळ, वरच्या ओळीची नक्कल करून. मग फोन उघडून आधी बालविभाग बघितला, मग स्वतःहून देणगीचं पान.

"इथे नाहीये," त्या म्हणाल्या आणि फोन टेबलावर ठेवून समोर उभ्या असलेल्या मुलाचं कार्ड हातात घेतलं.